पॅलाडिन खेळताय? या चुका टाळा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं रंगवत, फासे टाकत खेळायच्या कथाखेळात ग्रुपमध्ये नवा माणूस आला की त्याला हमखास पॅलाडिन, म्हणजे शपथ घेतलेला धर्मयोद्धाच हवा असतो. चिलखत, तलवार, देवाची कृपा आणि वर दुष्टांच्या नाशाची शपथ. डावाचा विचका होतो तोही बऱ्याचदा याच पात्रामुळे. आमचा गंगापूर रोडचा ग्रुप या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांनी खेळतो आणि आमचं कथानक जुन्या नाशकात घडतं. खालची उदाहरणं तिथलीच.

सगळ्यात जास्त घोळ डिव्हाइन सेन्सचा, म्हणजे आसपासचे अमानवी जीव ओळखायच्या शक्तीचा. रविवार कारंजावर एखादा गोडबोल्या सावकार भेटतो आणि कुणीतरी लगेच म्हणतं, “अरे, सेन्स टाक, हा दुष्ट आहे का बघ.” काही दिसणार नाही! या शक्तीला ६० फुटांच्या आतले फीन्ड (सैतानी जीव), सेलेस्टियल (स्वर्गीय जीव) आणि अनडेड (मेलेले पण चालतेफिरते) कळतात, तेही पूर्ण आडोशामागे नसतील तर. सावकार कितीही नीच असला तरी माणूस आहे. त्याचं पाप शोधायचं तर खतावणी मागा, शेजारच्या तांबटाला बोलतं करा. डाव चालवणाऱ्या गेम मास्टरनेही “हो, जरा काळंबेरं वाटतंय” असं दयाळूपणे सांगू नये. तपासाची सगळी गंमत तिथेच संपते.

दुसरी चूक शपथेची. नियमांप्रमाणे ती तिसऱ्या लेव्हलला (पात्राच्या प्रगतीच्या पायरीला) घेतली जाते आणि बहुतेक जण “मी धर्माचं रक्षण करीन” असं काहीतरी लिहून मोकळे होतात. असली शपथ मोडताच येत नाही, म्हणून तिचा उपयोगही शून्य. मोडली की नाही हे टेबलावरच्या कुणालाही सांगता आलं पाहिजे. आमच्या पॅलाडिनची एक अट अशी आहे: गोदेच्या घाटावर आसरा मागणाऱ्याला रात्र सरेपर्यंत कुणाच्या हवाली करायचं नाही. मग एका रात्री सराफ बाजार फोडलेला चोर रामकुंडावर येऊन पायाशी बसला, मागून शिपाई आले आणि बाकीच्या मंडळींना इनाम दिसायला लागलं. त्यानंतर तलवार बाजूलाच राहिली, वाद रंगला तो रात्र कधी सरते यावर. काकडआरतीला की सूर्योदयाला? इतका चांगला डाव राक्षस मारूनही होत नाही.

मात्र गेम मास्टरने याचा पिंजरा करू नये. काहीही केलं तरी शपथ मोडणारच, असा पेच दर आठवड्याला टाकला की खेळाडू वैतागून रॉग (चोर-भामट्याचं पात्र) घेतो. शिवाय एकदा चुकलं की शक्ती गेली, असंही नाही. नियमांत प्रायश्चित्ताची वाट आहे: रात्रभर प्रार्थनेत जागरण, उपवास, आपल्याच पंथातल्या कुणाकडून क्षमा. जो जाणूनबुजून मोडतो आणि पश्चात्तापही करत नाही, त्याचीच गोष्ट वेगळी.

पंथ उभा करताना सगळे योद्धे एका साच्यातले करू नका. नाशिककरांना तर हे सांगायलाही नको. १७८९च्या सिंहस्थात शैव आणि वैष्णव साधूंमध्ये आधी स्नान कुणाचं यावरून लढाई झाली. आजही शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर आणि वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नान करतात. खरे आखाडे कथेत ओढायची गरज नाही. पण तुमच्या काल्पनिक पंथाचे दोन मठ असू द्या आणि त्यांच्यात मानापमान असू द्या. सैतानाशी लढायला दोघेही तयार, पण पुढे झेंडा कुणाचा?

ग्रुपचा हवालदार होऊ नका, हे एका वाक्यात पुरे.

राहिला हिशेब. पाचव्या लेव्हलला पहिल्या दर्जाचे चार आणि दुसऱ्या दर्जाचे दोन स्पेल स्लॉट (मंत्र किंवा स्माइट वापरायच्या संधी) असतात, आणि नवखे ते पहिल्याच चकमकीत उधळतात. डिव्हाइन स्माइट, म्हणजे स्लॉट खर्चून वाराला जोडायची जादा इजा, फासा टाकण्याआधी जाहीर करायचं नसतं. वार लागल्यावर ठरवा, आणि वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले तर नक्की वापरा, कारण स्माइटच्या इजेचे फासेही दुप्पट होतात. २०२४चे नियम वापरत असाल तर ते आता बोनस ॲक्शन (पाळीतली छोटी जादा कृती) खाणारं स्पेल झालंय, म्हणजे एका टर्नला एकदाच.

ले ऑन हँड्स या हात ठेवून बरं करायच्या शक्तीचे गुण लेव्हलच्या पाचपट, म्हणजे इथे २५. बेशुद्ध पडलेल्या साथीदाराला उठवायला एक गुण पुरतो, त्याच्यावर वीस ओतू नका. बाकीचे विषासाठी राखा; एक विष उतरवायला पाच लागतात.