रक्तातल्या पेशी जिवंत पोहोचवायच्या आहेत

थायरॉइडसाठी रक्त दिलं की आपलं काम संपतं. ट्यूब फ्रिजमध्ये राहिली तरी फारसं बिघडत नाही. रोगप्रतिकारक पेशी काम कसं करतात हे बघणाऱ्या तपासण्या मात्र वेगळ्या. इथे पेशी नुसत्या मोजत नाहीत, त्यांना डिवचतात आणि त्या काय करतात ते बघतात. मेलेल्या पेशीला डिवचून काय मिळणार? खालची सगळी तयारी त्यासाठीच.

म्हणून आधी लॅबला फोन, सुई नंतर. कोणत्या वारी रक्त घेतात आणि किती तासांत पोहोचायला हवं, हे दोन प्रश्न विचाराच. लिम्फोसाइट (रोगप्रतिकाराचं काम करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) किती वाढतात हे बघताना त्यांना पीएचए हा डिवचणारा पदार्थ देऊन साधारण तीन दिवस वाढवतात. (हे पीएचए राजम्यातून काढतात, 1960 मध्ये संशोधक पीटर नोवेल यांच्या लक्षात आलं की त्याने लिम्फोसाइट विभागायला लागतात.) एखाद्या जंतूचं अँटिजेन (पेशी ओळखतात तो त्याचा अंश) दिलं तर सहा-सात दिवस लागतात. आठवड्याच्या शेवटी आलेलं सॅम्पल अनेक लॅब घेत नाहीत ते याचसाठी. पुढे जोडून सुट्टी असेल तर तारीख बदला.

औषधांची यादी कागदावर लिहा: नाव, डोस, शेवटचा डोस कधी घेतला. प्रेडनिसोलोन, टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन ही औषधं पेशींना थंड करतात, पण ‘रिपोर्ट चांगला यावा’ म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. थांबवायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. अलीकडे रक्त चढवलं असेल, लस घेतली असेल, ताप येऊन गेला असेल तर तेही लिहा. साध्या तापात तपासणी थोडी पुढे ढकलतात. पण तान्ह्या बाळाला एससीआयडीची (जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते त्या आजाराची) शंका असेल तर थांबायचं नाही, आणि निकाल येईपर्यंत बीसीजी किंवा रोटाव्हायरससारखी जिवंत लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही.

उपाशी राहायची सहसा गरज नसते. पाणी प्या. व्यायाम करून किंवा जिने धावत चढून लगेच खुर्चीत बसू नका. श्रमानंतर एनके पेशी (विषाणू लागलेल्या पेशी मारणारे लिम्फोसाइट) काही काळ रक्तात जास्त दिसतात. तपासणी पुन्हा करायची असेल तर वेळ तीच ठेवा, कारण लिम्फोसाइटचा आकडा दिवसभरात खालीवर होतो.

आता ट्यूब. लिम्फोसाइट वाढवायचे असतील तर हिरव्या झाकणाची, सोडियम हेपॅरिनची (ते रक्त गोठू देत नाही). जांभळ्या झाकणातलं ईडीटीएही रक्त गोठू देत नाही, पण ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि पेशीला जागं व्हायला कॅल्शियमच लागतं. रक्त भरल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी करायची, खुळखुळ्यासारखी हलवायची नाही. आणि बर्फ नको! ‘खराब होऊ नये’ म्हणून कुणीतरी प्रेमाने आइसपॅक लावतो आणि सॅम्पल वाया जातं. साधारण 20 ते 25 अंश पुरे. लेबलवर तारखेबरोबर रक्त काढल्याची वेळही हवी.

लोक हमखास विसरतात तो निरोगी माणूस. बऱ्याच लॅब सोबत कंट्रोल मागतात: रक्ताच्या नात्याबाहेरची ठणठणीत व्यक्ती, तीच वेळ, तशीच ट्यूब, तोच डबा. दोघांच्याही पेशी सुस्त निघाल्या तर दोष वाटेतल्या उन्हाचा किंवा उशिराचा असू शकतो. कंट्रोल म्हणून आईला बसवू नका. न्यूट्रोफिलच्या (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) डीएचआर तपासणीत नीट काम करणाऱ्या पेशी चमकतात. मुलाला एक्स गुणसूत्रावरून आलेला सीजीडी (या पेशी गिळलेले जंतू नीट मारू शकत नाहीत तो आजार) असेल, तर वाहक आईच्या काही पेशी चमकतात, काही अंधाऱ्याच राहतात. त्या माहितीसाठी आईचं रक्त हवंच, पण वेगळ्या नावाने, वेगळ्या ट्यूबमध्ये.

रिपोर्ट हातात आला की कंट्रोलचा आकडा शेजारी छापलाय का बघा. नसेल तर लॅबकडून मागून घ्या.