पहिली स्की-सुट्टी आल्प्समधल्या गावात: वेंगनच्या निमित्ताने

स्की-सुट्टीसाठी गाव निवडताना बहुतेक जण तिथे एकूण किती किलोमीटरचे उतार आहेत हे पाहतात. ज्याने कधी स्की पायांत घातलेल्या नाहीत, त्याला या आकड्याचा काडीचा उपयोग नसतो, कारण पहिले दोन-तीन दिवस त्याचे सगळे विश्व एका छोट्या, सौम्य उतारात सामावलेले असते. त्याने दोनच गोष्टी तपासाव्यात: तो उतार मुक्कामापासून चालत गाठता येतो का, आणि पायांतले त्राण संपल्यावर स्की न करता डोंगरावरून खाली येण्याची सोय आहे का.

स्वित्झर्लंडमधील वेंगन या दोन्ही कसोट्यांना उतरते. लाउटरब्रुनेनच्या दरीवर १२७४ मीटर उंचीवर वसलेल्या या लाकडी घरांच्या गावात मोटारी नेता येत नाहीत. मोटार लाउटरब्रुनेनला ठेवून १८९३ साली सुरू झालेल्या दातेरी रुळांच्या रेल्वेने वर यावे लागते. शिकण्याचा उतार गावाच्या मध्यावरच आहे, आणि हीच रेल्वे पुढे २०६१ मीटरवरील क्लायने शायडेक खिंडीपर्यंत जात असल्यामुळे थकलेल्या माणसाला स्की हातात धरून गाडीने परतता येते. जानेवारीत इथे १९३० पासून चालत आलेल्या लाउबरहॉर्न स्की-शर्यती भरतात. तो आठवडा पाहण्यासाठी उत्तम असला तरी शिकण्यासाठी टाळावा. फेब्रुवारीत शाळांच्या सुट्ट्यांमुळे गर्दी होते. मार्चमध्ये दिवस मोठा मिळतो, पण एवढ्या कमी उंचीवरचा बर्फ दुपारनंतर भिजून जड होतो. माझी पसंती शर्यतींनंतरच्या जानेवारीला आहे.

स्की आणि बूट भाड्याने घ्यावेत, आणि बुटांसाठी भरपूर वेळ राखून ठेवावा. पायात एकच पातळ, लांब मोजा घालावा. पहिल्या वेळी थंडीच्या धास्तीने मी लोकरीचे दोन जोड चढवले होते. पाय दाबले गेले, रक्त नीट खेळेना आणि तासाभरात बोटे बधिर झाली. बूट घातल्यावर टाच जमिनीवर आपटून मागे सरकवावी आणि मगच बकल लावावेत. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या टोकाला जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेलली की बोटे किंचित मागे आली पाहिजेत. दुकानातच दहा मिनिटे बूट घालून फिरावे. घट्टपणा चालतो, पण घोट्याच्या हाडावर एका जागी टोचत असेल, तर बूट तिथल्या तिथे बदलून घ्यावा. दुकानदार वजन, उंची, वय आणि कौशल्य विचारतो, ते बूट स्कीला जोडणाऱ्या बाइंडिंगसाठी. ते किती जोर पडल्यावर सुटावे, हे याच माहितीवरून ठरते. संकोचाने कौशल्य फुगवून सांगितले, तर पडताना स्की सुटत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो.

स्की-शाळेत किमान तीन दिवस नाव घालावे; जाणकार मित्र हा शिक्षकाला पर्याय नव्हे. पहिला धडा असतो स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून, आतल्या कडांवर दाब देत वेग आवरण्याचा. उतार दिसताच भीतीने शरीर मागे झुकते आणि नेमके तेच नडते, कारण भार टाचांवर गेला की स्कीची पुढची बाजू हलकी होऊन वळेनाशी होते. नडगी बुटावर दाबून धरावी, हात पुढे ठेवावेत आणि ज्या बाजूला वळायचे, तिच्या विरुद्ध बाजूच्या स्कीवर वजन द्यावे. पडल्यावर दोन्ही स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणाव्यात, मगच उठावे.

स्वित्झर्लंडमध्ये निळा उतार सोपा, लाल मध्यम आणि काळा कठीण असतो. परंतु हा रंग त्या दिवशीच्या बर्फाबद्दल काही सांगत नाही. सकाळी गोठून कडक झालेला निळा उतार दुपारच्या मऊ लाल उताराहून अवघड वाटू शकतो. पुढे, म्हणजे खाली असलेल्याचा मार्ग राखण्याची जबाबदारी मागून येणाऱ्यावर असते. थांबायचे तर कडेला थांबावे, उंचवट्यामागे मुळीच नाही. आखलेल्या उताराबाहेर नवख्याने पाऊल टाकू नये, आणि उतार बंद झाल्यावर तर तिथे अजिबात राहू नये, कारण रात्री बर्फ सपाट करणारी यंत्रे फिरतात आणि त्यांना चढावर ओढून धरणारे पोलादी दोर अंधारात दिसत नाहीत. विमा घेताना त्यात स्की आणि हेलिकॉप्टरने होणारी सुटका स्पष्टपणे नमूद आहे का हे वाचावे. साध्या प्रवास विम्यातून ही कलमे पुष्कळदा वगळलेली असतात. स्विस हवाई बचावसेवेचा क्रमांक १४१४ फोनमध्ये नोंदवून ठेवावा.

संध्याकाळी बूट हॉटेलातील उबदार स्की-खोलीत ठेवावेत आणि त्यांचे बकल सैलसर लावावेत, म्हणजे प्लास्टिकचा आकार बिघडत नाही. तशी खोली नसेल, तर ते आपल्या खोलीत, हीटरपासून थोडे दूर ठेवावेत. रात्रभर गारठ्यात राहिलेले प्लास्टिक सकाळी इतके ताठर होते की बूट चढवता चढवताच पहिली गाडी निघून जाते.