साबुदाणा खिचडीचा गोळा होऊ नये म्हणून
परवा संकष्टीला केलेली खिचडी दुसऱ्या दिवशी डब्यातही मोकळी राहिली. सगळं भिजवण्यावर असतं. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्चच. वरची पांढरी पूड धुतली गेली नाही, तर गरम होताच तिची खळ होते. म्हणून पाणी नितळ येईपर्यंत ३-४ वेळा हलक्या हाताने चोळून धुवा. मग दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी एक दाणा चिमटीत दाबून बघा. तो पिठासारखा चेपला पाहिजे, मध्ये कडक कणी लागता कामा नये. लागली तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास थांबा. पाणी ओतू मात्र नका, तिथेच खिचडी बिघडते.

दाण्याचं कूट, मीठ, साखर कढईत नव्हे, आधीच साबुदाण्याला लावा. कूट जास्तीची ओल शोषून घेतं. एक वाटी साबुदाण्याला मी अर्धी वाटी जाडसर कूट घेते. तुपात जिरं, मिरची, बटाटा शिजला की साबुदाणा घाला, आच मंद. दाणे पारदर्शक दिसले की लगेच उतरवा, जास्त परतले तर वातड होतात. लिंबू खाली उतरवल्यावरच पिळा.