या चुका टाळा : रेरा नंबर पाहिला, पण एजंट कुणाचा?

कोल्हापुरात फ्लॅट बघायला लागलं की चार दिवसांत सहा एजंट फोन करतात. त्यात वाईट काही नाही, चांगला एजंट पायपीट वाचवतो. पण त्याचं कार्ड खिशात टाकण्याआधी तो नोंदणीकृत आहे का आणि तो कुणाच्या बाजूचा, हे दोन्ही बघा. बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात.

कार्डावर ‘रेरा रजिस्टर्ड’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. रेरा म्हणजे बिल्डर-एजंटांना नोंदणी लावणारा कायदा; तो राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, म्हणजे महारेराच्या संकेतस्थळावर नंबर टाका. नाव जुळतंय का, मुदत संपलीय का बघा. एजंटचा नंबर ‘ए’नं सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’नं. काही जण बिल्डरच्या प्रकल्पाचाच नंबर पुढं करतात. 2024 पासून एजंटकडे परीक्षा देऊन मिळवलेलं सक्षमता प्रमाणपत्रही लागतं; तेही मागा. नोंदणीशिवाय रेरा प्रकल्पातले फ्लॅट विकणाऱ्या एजंटला रोज 10,000 रुपये, एकूण फ्लॅटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या फ्लॅटच्या रीसेलला मात्र सहसा हा नियम लागत नाही. तिथं नंबर नसला म्हणजे माणूस लबाड, असं नाही.

खरी गफलत पुढं होते. “तुम्हाला एक रुपया द्यायचा नाही, कमिशन बिल्डर देतो,” असं ऐकलं की आपण खूश. मग तो बिल्डरचाच माणूस झाला की! रीसेलमध्ये बऱ्याचदा दोन्हीकडून कमिशन घेतलं जातं, साधारण एक-दोन टक्के. “तुमचा शेवटचा आकडा सांगा, मालकाला मी बघतो,” म्हणणाऱ्याला तो आकडा सांगू नका. किंमत जितकी चढेल तितकं त्याचं कमिशन चढतं. पहिल्याच भेटीत विचारा, “मालकाकडून किती घेणार?” गुळमुळीत उत्तर आलं तर समजून घ्या. कमिशन किती, दस्त झाल्यावर की आधी, व्यवहार फिसकटला तर काय, हे एका कागदावर लिहून सही घ्या. व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी हवं.

टोकन, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, एजंटच्या नावानं नको, मालकाच्या खात्यावर द्या. प्रॉपर्टी कार्डवर (मिळकतीच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) तीन भावंडांची नावं असताना एकाच भावाची पावती घेऊन निवांत बसणारे कमी नाहीत. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) दाखवून कुणी विकत असेल तर मूळ मालकाला गाठा. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच सांगितलंय. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

आणि कोल्हापूरचा खास मुद्दा, पुराचं पाणी. “इथं कधी येत नाही, बिनधास्त घ्या!” हे वाक्य प्रत्येक एजंट म्हणतो. 2019 च्या पुरात शाहूपुरी, नागाळा पार्कच्या काही भागांत पाणी शिरलं होतं. पूररेषेच्या नकाशात गट नंबर बघा : निळी रेषा 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. मग खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारा. त्यांना कमिशन मिळत नाही.

पैसे देऊन बसलात आणि एजंट फोन उचलत नसेल, तर पावत्या आणि मेसेज जपून ठेवा. रेराखाली नोंदणीकृत एजंटविरुद्धही महारेराकडे तक्रार करता येते, फक्त बिल्डरविरुद्धच नाही.