चित्रं काढता येत नसतील तर गेम जॅममध्ये कसं उतरायचं?

माझ्या पहिल्या गेम जॅममध्ये, म्हणजे ठरावीक वेळात गेम बनवायच्या स्पर्धेत, ४८ तासांपैकी जवळपास २० तास गेममधल्या एका माणसाला चालवण्यात गेले. पाय हलायचे, पण तो चालतोय असं काही केल्या वाटेना. शेवटच्या रात्री लक्षात आलं की उडी मारल्यावर तो फळीच्या कडेला अडकतोय. ही चूक दुरुस्त करणं मला सहज जमलं असतं, पण वेळच उरला नव्हता. गेम तसाच जमा केला. फार वाईट वाटलं.

पुढच्या वेळी नायक म्हणून पांढरा चौकोन घेतला. उडी घेताना तो उभा ताणला जायचा आणि जमिनीवर आदळला की पसरट व्हायचा: रुंदी १.३ पट, उंची ०.७ पट आणि आठ-दहा फ्रेममध्ये पुन्हा मूळ आकार. सोबत धुळीचे चार ठिपके आणि स्क्रीनला किंचित हादरा. यात चित्रकला कुठेच नाही, सगळा कोड आहे. तरी एकाने अभिप्रायात लिहिलं, ‘बिचारा दमलाय!’ आयतांनाच पात्रं बनवणारा ‘थॉमस वॉज अलोन’ हा गेम मी त्यानंतर खेळलो आणि धीर आला.

नवख्यांनी स्पर्धेचे नियम आधी नीट वाचावेत. २००२पासून चालत आलेल्या लुडम डेअर या ऑनलाइन गेम जॅमच्या ‘कॉम्पो’ गटात ४८ तासांत एकट्याने चित्रांसकट सगळं स्वतः बनवायचं असतं. त्याच्याच ‘जॅम’ गटात ७२ तास मिळतात, टीम चालते, तयार चित्रंही चालतात. शिवाय चित्रांच्या गुणांमधून आपला गेम वगळता येतो. ही सोय बरेच जण बघतच नाहीत. जेएसथर्टीनके या जावास्क्रिप्ट गेमच्या स्पर्धेत अख्खा गेम झिप करून १३ किलोबाइटमध्ये बसवायचा असल्यामुळे मोठ्या चित्रांचा प्रश्नच येत नाही. सात दिवसांत रोगलाइक (दर वेळी नवा नकाशा आणि मेलात की पुन्हा पहिल्यापासून, असा गेम) बनवण्याच्या स्पर्धेत अक्षरांनी काढलेला नकाशा कुणाला खटकत नाही, कारण त्या प्रकाराची परंपराच तशी आहे. माझं मत विचाराल तर सुरुवात तिथूनच करा.

तयार चित्रं घेतलीत तर परवाना बघा. गेमसाठी तयार चित्रं देणाऱ्या केनीचे संच सीसीझीरो परवान्याचे आहेत, म्हणजे मोकळेपणाने वापरता येतात. मात्र तीन ठिकाणची चित्रं एकत्र आली की गेम ठिगळं लावल्यासारखा दिसतो. त्यावर मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली आहे: १६ रंगांचा एक संच ठरवायचा आणि प्रत्येक पिक्सेलला त्यातला सगळ्यात जवळचा रंग द्यायचा. एवढ्यानेच चित्रं एका घरातली वाटू लागतात. आवाजांसाठी एसएफएक्सआर हा गेमचे छोटे आवाज तयार करणारा प्रोग्राम आहे. बटण दाबत राहायचं, पटला तो आवाज ठेवायचा. २००७मध्ये तो लुडम डेअरच्या स्पर्धकांसाठीच बनवला गेला होता.

आयोजकांनीही असंच काहीतरी हातात द्यावं, असं मला मनापासून वाटतं. विषय जाहीर करतानाच सगळ्यांना एकच चित्रसंच द्या, किंवा ‘फक्त चार रंग’ अशी अट घाला. आणि चित्रकार शोधणाऱ्यांची यादी स्पर्धेच्या आठवडाभर आधी उघडा. घड्याळ सुरू झाल्यावर अनोळखी माणसाला ‘माझ्यासाठी चित्रं काढशील का?’ असं विचारायला बहुतेक प्रोग्रामर धजावत नाहीत. मीही धजावलो नव्हतो.