सोलापुरात घरच्या माणसाला मानसोपचाराला कसं न्यायचं आणि उपचार मधेच सुटू कसे द्यायचे नाहीत

आमच्या शेजारच्या अक्का दिवसाला हजार विड्या वळायच्या. सूप मांडीवर घेतलं की बोटं आपोआप चालायची, पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, बघत पण नसायच्या, नजर टीव्हीवर. ह्याच अक्का हळूहळू पाचशेवर आल्या, मग तीनशेवर, आणि मग सूप मांडीवर घेऊन नुसत्याच बसायला लागल्या, हातात पान तसंच. विचारलं की एकच उत्तर, "डोकं दुखतंय". आठ महिने सगळ्यांनी डोकेदुखीच धरली, बाम झाला, गोळ्या झाल्या, चष्म्याचा नंबर बदलून झाला, दृष्ट पण काढून झाली. निघालं डिप्रेशन.

त्यांना दवाखान्यात नेताना जे जे चुकलं आणि जे जे नंतर कळलं ते सगळं इथं लिहितोय, कारण आपल्याकडं सोय नाही असं नाहीये, सोय आहे, पण तिथपर्यंत पोचायचं कसं हे कुणी सांगत नाही, आणि लोक एक फेरी मारतात आणि सोडून देतात.

आधी घरात बघा, लिहून ठेवा

मनाचा त्रास आपल्याकडं बहुतेकदा शरीरातूनच बोलतो. डोकं जड, छातीत धडधड, अंगातून वाफा, पोटात कायतरी फिरतंय, झोपच नाही. तपासण्या नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात नाटक करतेय. तसं म्हणू नका, त्रास खराच असतो.

सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, रोजचं काम होत नाही, असं असेल तर दाखवायलाच पाहिजे. एका वहीच्या पानावर लिहा, कधीपासून, रात्री किती वाजता जाग येते, जेवण किती, काम किती कमी झालं, दारू-तंबाखू किती, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, आत्ता कुठल्या गोळ्या चालू आहेत. अक्कांचं "हजाराच्या तीनशे विड्या झाल्या" हे एक वाक्य डॉक्टरांना आमच्या बाकीच्या सगळ्या बडबडीपेक्षा जास्त कामाला आलं.

बाळंतीण असेल तर तिच्याकडं जास्त लक्ष द्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात, आपण त्यांना फक्त बाळाचं वजन विचारतो. त्यांना सांगा की ही रात्रभर रडतेय, बाळाला जवळ घेत नाही, नाहीतर भलतंच कायतरी बोलतेय. बाळंतपणानंतर भास व्हायला लागले किंवा वागणं एकदम बदललं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

तयार कसं करायचं

"येड्याच्या डॉक्टरकडं जाऊ" म्हटलं की विषय संपला. जो त्रास माणूस स्वतः सांगतोय तिथूनच धरा. झोप नाही ना, मग झोपेसाठी दाखवू, डोकं दुखतंय ना, त्याचे डॉक्टर आहेत, मी येतो सोबत. खोटं मात्र बोलू नका, आणि चहातून गुपचूप गोळी देण्याचा प्रकार तर अजिबात नको, एकदा कळलं की माणूस घरचं पाणी पण घेत नाही, आणि कुठल्या गोळीचा काय परिणाम होतोय हे डॉक्टरांनाही कळत नाही.

घरात देवाधर्माचं चालू असेल तर भांडू नका. सिद्धेश्वराला जा, दर्ग्याला जा, आणि गोळी पण घ्या, दोन्ही चालतं. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, साखळी घालणं हे २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, तिथं गप्प बसायचं नाही.

पहिला फोन

बाहेर पडायची तयारी नसेल तर आधी १४४१६ लावा. हे टेलिमानस, केंद्र सरकारची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, चोवीस तास चालते, फुकट आहे. लागत नसेल तर १८००-८९१-४४१६. सुरुवातीला भाषा निवडायला सांगतात, मराठी आहे, हिंदी आहे, आणि सोलापूरकरांसाठी मोठी गोष्ट म्हणजे तेलुगू आणि कन्नड पण आहे. साखर पेठेतल्या, विडी घरकुलातल्या कितीतरी बायका बाजारात मराठी झकास बोलतात पण मनातलं सांगायची वेळ आली की आईची भाषाच लागते. अक्का मराठीत "डोकं दुखतंय" म्हणायच्या, आणि तेलुगूत विचारल्यावर पहिल्यांदा म्हणाल्या, "मनसु बागालेदु", मन बरं नाही. आठ महिन्यांनी.

रुग्णानेच फोन करावा असं काही नाही, घरच्यांनी करून "आमच्याकडं असं असं आहे, काय करू" विचारलं तरी चालतं.

कुठं जायचं

आपल्याकडं काही झालं की पुणे नाहीतर मिरज. मनाच्या आजाराला पहिल्यांदा तेवढं लांब जायची बहुतेकांना गरज नसते, आणि लांबच्या दवाखान्याचा तोटा म्हणजे पुढच्या फेऱ्या होत नाहीत.

शहरात असाल तर जवळचं महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र, तिथले डॉक्टर बीपी, शुगर, हिमोग्लोबिन बघून पुढं चिठ्ठी देऊ शकतात. ही पायरी वाया जात नाही, कारण थायरॉइड बिघडलं किंवा बी-१२ कमी असलं तरी माणूस मरगळतो, ते आधी बघितलेलं बरं. मोठं ठिकाण म्हणजे सिव्हिल, कागदोपत्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. तिथं मानसोपचाराचा वेगळा विभाग आहे. पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जात असतील तर विम्याच्या हॉस्पिटलचा पण हक्क आहे, घरच्यांसकट, कितीतरी कामगारांचे पैसे वर्षानुवर्षं कापले जातात आणि कार्ड घरात पडून असतं.

तालुक्यात, म्हणजे अक्कलकोट, मोहोळ, करमाळा, सांगोला वगैरे, आधी प्राथमिक आरोग्य केंद्र नाहीतर ग्रामीण रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या दिवशी बाहेर तपासणी घेते, तुमच्या ग्रामीण रुग्णालयात ती कधी येते हे आशाताईंना किंवा केंद्रातल्या सिस्टरना विचारून ठेवा, फेरी वाचते. शहरात यायचंच असेल तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, सोबतीला घरातली बाईच येणार असेल तर दोघींचा खर्च निम्मा.

जायचा दिवस

इथं आमची पहिली चूक झाली. आम्ही निघालो आरामात, साडेअकराला पोचलो, केसपेपरच्या खिडकीवर विचारलं काय होतंय, अक्का म्हणाल्या डोकं दुखतंय, मग त्या डोकेदुखीच्याच लायनीत, दोन तास, डोकेदुखीच्याच गोळ्या, घरी. अक्कांचे मालक, म्हणजे नवरा, मागावर कामाला, त्यांची एक पाळी बुडाली ती वेगळीच, त्यांनी पुढच्या वेळी यायलाच नकार दिला.

तर असं करा. कुठल्या वारी मनोविकाराची ओपीडी आहे ते आदल्या दिवशी फोन करून किंवा कुणाला पाठवून विचारून घ्या. सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधीच पोचा. खिडकीवर स्पष्ट सांगा, "मानसोपचार विभागात दाखवायचंय". लाज वाटत असेल तर सोबतच्यानं सांगायचं, रुग्णाला बाकावर बसवून. सोबत घ्यायचं आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं (नावं पाठ असली तरी पाकिटंच न्या) आणि ते वहीचं पान. उन्हाळा असेल तर पाण्याची बाटली आणि डबा, सोलापूरचं ऊन कसं आहे ते तुम्हाला सांगायला नको, उपाशी आणि तापलेला माणूस आत गेल्यावर "काही नाही, बरंय" म्हणून उठतो.

हप्त्याचा दिवस आणि विड्या कारखान्यात द्यायचा दिवस टाळा. सोबत एकच माणूस, पण रोज घरात असणारा.

आत गेल्यावर

डॉक्टर रुग्णाशी एकट्यानं बोलतील, तेव्हा बाहेर थांबा. बायकांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, नवरा किंवा सासू समोर असताना कोण काय सांगणार. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माहिती गुप्त ठेवायचा हक्क रुग्णाला आहे.

विजेच्या शॉकच्या उपचाराची भीती सगळ्यांना असते. कायद्यात स्पष्ट आहे, भूल आणि स्नायू शिथिल करायचं औषध दिल्याशिवाय शॉक देता येत नाही. आणि पहिल्यांदा दाखवायला गेलेल्या बहुतेकांना लागतात त्या गोळ्या आणि बोलणं, एवढंच.

बाहेर यायच्या आधी चार गोष्टी विचारून केसपेपरवर लिहून घ्या: आजाराचं नाव काय, गोळी कधी घ्यायची, कुठला त्रास झाला तर लगेच यायचं, आणि पुढची तारीख.

पुढच्या फेऱ्या, खरं काम इथं आहे

डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पण झोप येणं, मळमळ, तोंड कोरडं पडणं हे पहिल्या आठवड्यातच सुरू होतं. म्हणजे आधी त्रास आणि मग गुण, आणि नेमकं त्या मधल्या दिवसांत लोक सोडतात. अक्कांनी पण सोडल्या, तिसऱ्या आठवड्यात, त्यांच्या जावेनं सांगितलं की सवय लागते. महिन्याभरात परत तीच अवस्था, उलट आणखी बिकट, कारण आता त्यांना वाटलं की औषधानं पण काही होत नाही.

सवयीचं म्हणाल तर डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, फक्त एकदम बंद केल्या तर त्रास होतो, त्यामुळे सोडायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, म्हणून मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर परत परत आणू नका. बरं वाटायला लागलं तरी काही महिने औषध चालू ठेवावं लागतं.

आम्ही काय केलं, गोळ्या विडीच्या दोऱ्याच्या डब्यात ठेवल्या, कारण रात्री तो डबा बंद केल्याशिवाय अक्का झोपत नाहीत. पुढची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं, आणि माझ्या मोबाईलमध्ये आदल्या दिवशीचा अलार्म. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी जायचं, संपल्यावर नाही. तिसऱ्या फेरीला डॉक्टरांनी गोळीची वेळ सकाळची रात्री केली आणि दिवसाची गुंगी गेली, एवढाच बदल, पण तिसरी फेरी झाली नसती तर तो पण झाला नसता. आता अक्का सहाशेपर्यंत आल्यात आणि शेजारणीशी पाण्यावरून भांडतात पण.

दारूचं वेगळं

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भास होणं असं होऊ शकतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. सोडायचं ठरलं की डॉक्टरांना सांगून सोडायची, गरज पडली तर ॲडमिट करून.

तातडी असेल तर

मरायचं बोलतोय, निरवानिरवीची भाषा करतोय, तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. एकटं सोडू नका, शेतीची औषधं, साठवलेल्या गोळ्या घराबाहेर नाहीतर कुलपात. १०८ला फोन करा, अँब्युलन्स फुकट आहे, सिव्हिलचा अपघात विभाग रात्री पण चालू असतो. पोलीस केस होईल ह्या भीतीनं कुणी रुग्णाला लपवून ठेवतं, तसं करू नका. २०१७च्या कायद्याचं ११५ कलम सांगतं की असा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, त्याला उपचार द्यायचे.

गड्ड्याच्या जत्रेत, पंढरपूरला वारीत, स्टँडवर मनाच्या आजारानं भरकटलेला एखादा माणूस दिसला तर ११२ला कळवा. पोलिसांनी त्याला लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं, जास्तीत जास्त २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं.

कागदपत्रं

आजार लांबला आणि काम होईनासं झालं तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार पण आहे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरता येतो, ४० टक्के किंवा जास्त निघालं की बऱ्याच सवलतींचं दार उघडतं. पण त्या तपासणीला उपचाराचे जुने केसपेपर लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी कुठं आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.