एडिसन स्टँडर्डचा दमणारा सूर

शंभरी ओलांडलेला एडिसन स्टँडर्ड, म्हणजे मेणाच्या नळकांड्यांसारख्या रेकॉर्ड (सिलिंडर) वाजवणारा किल्लीचा फोनोग्राफ. किल्ली भरपूर बसायची, तरी गाणं मध्येच दमल्यासारखं खाली यायचं. म्हणजे स्प्रिंग ठीक, दोष पुढे. गव्हर्नरचं, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाचं फेल्ट वाळून कडक झालेलं, चामडी पट्टा सैल.

आधी स्प्रिंगचा ताण पूर्ण उतरवला. भरलेल्या स्प्रिंगशी खेळ नको, बोटं जातात. वाळलेलं ग्रीस रॉकेलने धुतलं, फेल्टला शिवणयंत्राचं तेल दिलं, पट्टा नवा घातला. वेग मिनिटाला 160 फेरे हवा. मँड्रेलला, म्हणजे सिलिंडर बसवायच्या फिरत्या दांड्याला कागदाचा कपटा चिकटवून मोजले: 15 सेकंदांत 40. जमलं!

उरलेली खरखर रिप्रोड्यूसरच्या, म्हणजे सुई आणि पडदा असलेल्या आवाजाच्या डबीच्या कडक रबराची होती, ते रबर (गॅस्केट) बदलल्यावर गेली. आणि मेणाच्या सिलिंडरवर हिऱ्याच्या सुईचा डायमंड रिप्रोड्यूसर ठेवू नका, चर खरवडून निघतात.